पोस्टात न टाकलेलं पाकीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वासंतीला, म्हणजे माझ्या बायकोलाही, मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. ही माझी तिसरी सुरुवात आहे.

चूक माझी आहे. हे आधीच लिहून ठेवतो. म्हणजे पुढे कुठे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो — आणि लागेनच, मला माझा स्वभाव माहीत आहे — तर तुम्ही मागे येऊन हे वाक्य पुन्हा वाचू शकाल.

मी नियम पाळणारा माणूस. रस्ता रिकामा असला तरी स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवणारा, टॅक्सचे कागद फेब्रुवारीतच पाठवून मोकळा होणारा. पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला राहतो, एका कारखान्यात कंट्रोल सिस्टिम्सचं काम बघतो. मूळचा सांगलीचा. हे सगळं कशाला सांगतोय? कारण माझ्याकडे पिस्तूल होतं, आणि पिस्तूल बाळगणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी वेगळाच उभा राहील.

ते मी घेतलं २००१च्या सप्टेंबरनंतर. पेट्रोल भरताना एका ट्रकवाल्यानं मला काहीबाही सुनावलं आणि नंतर दोन मैल माझ्या गाडीच्या मागे मागे आला. काही केलं नाही त्यानं. पण त्या दोन मैलांत मी आरशात जितक्या वेळा पाहिलं, तितकं आयुष्यात कधी पाहिलं नसेल. ऑफिसातला एक सहकारी मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. मग दुकान, फॉर्म, पार्श्वभूमीची तपासणी, शेरीफच्या ऑफिसातून बाळगण्याचा परवाना — सगळं रीतसर. माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं, त्यामुळे अडचण नव्हती. कागद ठेवायला मी एक निळी फाइलही केली. ती फाइल लक्षात ठेवा.

दोन गोष्टी तेव्हाच मला माहीत झाल्या होत्या. दुकानातल्या फॉर्मवर एक प्रश्न होता — तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर इथे आहात का? मी ‘नाही’वर खूण केली. म्हणजे तशा व्हिसावरच्या माणसाला हे बाळगता येत नाही, एवढं मला कळलं होतं. आणि शेरीफच्या ऑफिसातली बाई परवाना हातात देताना म्हणाली होती, “हा नदीपलीकडे चालणार नाही हं. न्यू जर्सीत नेऊ नका.” मी हसून मान डोलावली होती.

नंतर सहा वर्षं मी लोकांना सांगत आलो की इथला बंदुकीचा कायदा फार गोंधळाचा आहे. तो आहेच. एका राज्यात सीटखाली ठेवलेलं चालतं, पूल ओलांडला की तोच गुन्हा. कायदेशीर जागेहून कायदेशीर जागी जाताना मधल्या राज्यातून नेता येतं, पण डिकीत, रिकामं, कुलपात — आणि मधे मुक्काम केलात तर काय, याचं उत्तर दोन वकील दोन देतात. शहाणा माणूस गोंधळेल असंच आहे ते. पण मी तेव्हा खरंच गोंधळलो होतो का?

मिलिंदबद्दल सांगायला हवं.

मिलिंद कोल्हापूरचा. आमची ओळख इथलीच, एका गणपतीत आरतीच्या वेळी दोघांनाही एकच कडवं येत नव्हतं त्यावरून झालेली. तो नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला राहायचा, एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर, एच-वन या तात्पुरत्या व्हिसावर. ग्रीन कार्डाचा अर्ज चार वर्षं रांगेत होता. बायको शुभदा, आठवीतली मुलगी ईशा. मिलिंद माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण मला नावानंच हाक मारायचा. “दादा-बिदा म्हणणार नाही हं,” म्हणायचा, “सांगलीच्या माणसाला मान दिला की तो लगेच नाटकात काम मागतो.”

२००२च्या दसऱ्याला त्याची आई आलेली होती. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. मिलिंदच्या वडिलांचं कोल्हापूरला लेथचं वर्कशॉप होतं. ते गेले तरी माई दर खंडेनवमीला त्यांची हत्यारं पुजायच्या. येताना बॅगेत, साड्यांच्या घडीत, त्यांनी नवऱ्याचा मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर आणला होता. दसरा आठवड्याच्या मधेच आला होता, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे शनिवारी पूजा करायचं ठरलं. दोनच घरं, आम्ही आणि ते.

पिस्तूल आण असं मला कुणी म्हटलं नव्हतं. हे मला स्पष्ट लिहायचंय. फोनवर मिलिंद नुसती चेष्टा करत होता — “आमची शस्त्रं बघ, लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर. शिवाजी महाराजांनी काय म्हटलं असतं रे?” शनिवारी सकाळी मी पिस्तूल त्याच्या पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावून ती डिकीत ठेवली आणि नदी ओलांडली. पूल आला तेव्हा त्या बाईचं वाक्य आठवलं. आठवलं नाही असं म्हणू शकलो असतो. आठवलं.

का नेलं? दाखवायला. माईंना दाखवायला, मिलिंदला दाखवायला. इतकं साधं आहे ते.

त्यांच्या बेसमेंटमध्ये पाट मांडला होता, त्यावर लाल कापड. व्हर्नियर, लॅपटॉप, शुभदाची शिवणाची कात्री. ईशानं आपला कॅल्क्युलेटर आणून ठेवला. “इट्स माय वेपन, आजी.” माई म्हणाल्या, “असू दे, असू दे, तेही हत्यारच.” मग मी पेटी उघडली. एकदम सगळे गप्प झाले, आणि मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटलं. “भरलेलं नाही ना रे दिलीप?” माईंनी विचारलं. नव्हतं. त्यांनी दोन बोटांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

संध्याकाळी निघताना मी पेटीकडे हात नेला, तर माईंनी अडवलं. “अरे, उचलू नकोस. उत्तरपूजा उद्या. पूजेतलं शस्त्र मधेच उचलत नाहीत, अपशकुन होतो.”

रविवारी माझी कारखान्यात ड्यूटी होती, थांबता येत नव्हतं. मिलिंद म्हणाला, “पुढच्या रविवारी तुमच्याकडे जेवायला येतोच आहोत की. घेऊन येतो.” मी म्हटलं, “हो, तूच घेऊन ये. डिकीत ठेव, कुलूप लावून.” त्यानं विचारलं, “काही प्रॉब्लेम नाही ना पण? माझं स्टेटस माहितीये तुला.”

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. “अरे, सगळं कायदेशीर आहे. कागद आहेत माझ्याकडे.”

कागद माझ्याकडे होते. माझ्या नावाचे. त्याच्याकडे काय होतं? आणि त्या फॉर्मवरचा प्रश्न मला माहीत होता ना? तो त्यानं थोडाच वाचला होता. तो माझ्यावर विसंबला, कारण मी स्टॉप साइनला थांबणारा माणूस.

पुढच्या रविवारी आमच्याकडे पानं वाढून झाली, वासंतीनं पापड तळले, आणि ते आलेच नाहीत. तीन वाजता शुभदाचा फोन आला. रडत होती. मिलिंदच्या गाडीचा मागचा एक दिवा गेला होता, म्हणून हायवेवर पोलिसांनी थांबवलं. पोलिसानं नेहमीसारखं विचारलं, गाडीत काही सांगण्यासारखं आहे का? आणि मिलिंदनं — कुणी जबरदस्ती केली नव्हती, झडती घेतली नव्हती — स्वतःहून सांगितलं, हो सर, डिकीत मित्राचं पिस्तूल आहे, त्याला परत द्यायला चाललोय. लपवायचं काय होतं त्यात? सगळं कायदेशीर आहे, मित्रानं सांगितलं होतं. माई, शुभदा आणि ईशाच्या देखत, रस्त्याच्या कडेला, त्याच्या हातांत बेड्या पडल्या. माईंच्या मांडीवर आमच्यासाठी केलेल्या बासुंदीचा डबा होता. तो डबा त्यांनी संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही, असं शुभदानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. पिस्तूल पोलिसांकडे राहिलं. मला त्यांचा फोन आला, मी एवढंच सांगितलं की पिस्तूल माझं आहे, बाकी वकिलाशी बोलून सांगतो. पुन्हा एकदा फोन आला, मी तेच म्हटलं. त्यानंतर माझ्यापर्यंत कुणी आलं नाही. का आलं नाही हे मला आजही माहीत नाही.

आता जवळ आलोय. थोडं थांबून लिहितो.

मिलिंदच्या वकिलानं मला फोन केला. शांत आवाजाचा माणूस होता. म्हणाला, तुम्ही लेखी द्या. पिस्तूल तुमचं, ते तुम्हीच या राज्यात आणलंत, तुम्हीच त्याला परत आणायला सांगितलंत, कायदेशीर आहे असं तुम्हीच त्याला म्हणालात. ते रिकामं होतं, कुलपात होतं. असं पत्र असेल तर सरकारी वकिलाला गाठून शिक्षेशिवाय प्रकरण मिटवता येण्याची बरीच आशा आहे. खात्री नाही, पण आशा आहे. मी म्हटलं, अर्थात देतो. त्यात विचारायचं काय?

मग मी माझ्या इमिग्रेशनच्या वकिलाला विचारलं. जानेवारीत माझी नागरिकत्वाची मुलाखत होती. तो म्हणाला, असं पत्र म्हणजे गुन्ह्याची कबुली. मुलाखत अडकेल, कदाचित त्याहून वाईटही होईल. गप्प बसलात तर तुम्हाला कुणी बोलायला लावू शकत नाही.

तरी मी पत्र लिहिलं. हे खरं आहे — लिहिलं. एक पान, स्वच्छ अक्षरात, एकही गोष्ट न वगळता. खाली सही केली. पाकिटावर त्या वकिलाचा पत्ता घातला, सदतीस सेंटचं तिकीट लावलं आणि गाडीनं पोस्टाच्या निळ्या पेटीपाशी गेलो. पेटीचं झाकण ओढून धरलं. पाकीट हातात होतं. किती वेळ उभा होतो? मागे एक बाई तिची पत्रं घेऊन आली. मी बाजूला झालो, तिला म्हटलं, आधी तुम्ही टाका. तिनं टाकली, थँक यू म्हणाली, गेली. मी घरी आलो आणि पाकीट निळ्या फाइलमध्ये ठेवलं.

मिलिंदला सांगितलं, पाठवलं.

हे ते. हेच सांगायचं होतं. पिस्तूल नेलं तो मूर्खपणा होता, सगळं कायदेशीर आहे म्हणालो ती बढाई होती. पण ‘पाठवलं’ हा शब्द मी शुद्धीवर, पूर्ण विचार करून, मित्राच्या तोंडावर बोललो.

दहा दिवसांनी त्याचा फोन — “अरे, वकील म्हणतोय मिळालं नाही.” मी म्हटलं, “पोस्टात अडकलं असेल, दुसरं पाठवतो.” दुसरं तर लिहिलंच नाही. वकिलाच्या ऑफिसातून फोन आले, ते घेतले नाहीत. मिलिंदला म्हटलं, “दोनदा पाठवलं मी. त्यांच्याच ऑफिसात कागद हरवत असणार. इथले वकील असेच, फी घेताना तेवढे जागे.” ज्या माणसानं त्याच्यासाठी मला पाच-सहा वेळा फोन केले, त्याच्याबद्दल मी हे बोललो. आणि मिलिंदला पटलं. त्याला वकिलाचा संशय आला, माझा नाही. एकदासुद्धा.

वसंत ऋतूत त्याचं प्रकरण उभं राहिलं. तुरुंग टळावा म्हणून त्यानं गुन्हा कबूल केला, त्याला प्रोबेशनची, म्हणजे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. पण बंदुकीचा गुन्हा नावावर लागला की व्हिसावरच्या माणसाला या देशात जागा नसते. ग्रीन कार्डाचा अर्ज संपला. कंपनीनं निरोप दिला.

माझी मुलाखत त्याआधीच सुरळीत पार पडली होती. मी हात वर करून शपथ घेतली, त्याच्या दुसऱ्या रविवारी मिलिंद पेढे घेऊन आमच्या घरी आला. हो, त्याच दिवसांत. दारातूनच म्हणाला, “चला, एकाचं तरी झालं यार! आता सांगलीकर मतदान करणार म्हणजे अमेरिकेचं काही खरं नाही.” वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. मी पेढा खाल्ला. फाइल तिथेच, जिन्याखालच्या कपाटात होती, आमच्यापासून आठ-दहा पावलांवर. अजूनही वेळ होता का तेव्हा? वकिलाला विचारायला तरी हरकत नव्हती. मी विचारलं नाही. म्हणून वेळ होता की नव्हता हे मला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणंसुद्धा मीच ओढवून घेतलेलं आहे.

जूनमध्ये ते गेले. विमानतळावर मीच सोडलं. ईशा वाटभर खिडकीकडे तोंड करून बसली होती. शेवटी एकच वाक्य बोलली, “आय डोन्ट इव्हन रीड मराठी, काका.” माई आत जाताना थांबल्या. माझा हात धरून म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं रे हे. मीच म्हटलं उचलू नकोस. तू तर नेत होतास.”

मी काय बोललो असेन? म्हणालो, “असं मनाला लावून घेऊ नका, माई.”

एवढंच. तेवढ्यानं त्यांचं समाधान होणार नाही हे मला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर झालं असतं, हेही माहीत होतं.

त्यानंतर काय झालं ते तर आणखी वाईट. मिलिंदची गोष्ट मराठी घरांत पसरली आणि लोक मलाच विचारायला लागले, कारण पिस्तूल माझं, माहितगार मी. क्युपर्टिनोहून एकजण, शिकागोहून एकजण — राज्य बदलतोय, कसं न्यायचं, कुठे नोंदवायचं? मी सगळ्यांना नीट सांगायचो. एका कार्यक्रमात तर यावर अर्धा तास बोललो. शेवटी म्हणालो, “आपल्यासारखा सरळमार्गी माणूससुद्धा यात कसा सापडतो, याचं उदाहरण म्हणजे आमचा मिलिंद.” टाळ्या पडल्या. मी कायद्याच्या गोंधळामागे इतका व्यवस्थित उभा राहिलो की कधी कधी मलाही वाटायचं, खरंच गोंधळ होता.

या वर्षी, २००८च्या पावसाळ्यात, माई गेल्या. मिलिंदनं कोल्हापूरहून फोन केला. तो आता तिथल्याच एका कॉलेजात शिकवतो. आम्ही माईंबद्दल बोलत होतो, तर तो म्हणाला, “तुला माहितीये, परत आल्यापासून तिनं एकदाही दसऱ्याला पूजा मांडली नाही. बाबांचा व्हर्नियर कपाटात नुसता पडून आहे. दर वर्षी म्हणायची, माझा हात लागला की घात होतो. शेवटच्या आठवड्यात शुद्ध नव्हती धड, तरी तेच — उचलू द्यायला हवं होतं दिलीपला.”

मी “अरेरे” म्हटलं. फोन ठेवला. जिन्याखालचं कपाट उघडलं.

पाकिटावरचं तिकीट जुनं झालंय, आता त्यावर पत्र जात नाही. मी ते फोडलं नाही. एका मोठ्या लिफाफ्यात घालून कोल्हापूरला पाठवलं. त्यातल्या मजकुराचं दुसरं पत्र लिहून, सही करून, त्या जुन्या वकिलाला पाठवलं. त्याच्या ऑफिसावर मी काय आळ घेतला होता तेही त्यात लिहिलं. त्या रात्री वासंतीला सांगितलं. ती उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आम्ही अजून त्याबद्दल बोललेलो नाही.

बारा दिवसांनी मी मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, “आलंय पाकीट.” मागे कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता. मी कागदावर लिहून ठेवलं होतं काय बोलायचं ते, कारण मला माझा भरवसा नव्हता. त्यानं विचारलं, “माई होती तोवर का नाही रे?” कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. मी जे होतं ते वाचलं.

“मिलिंद, मी पत्र कधीच पाठवलं नाही. एकदाही नाही. तुझ्या वकिलाचा काही दोष नव्हता. नदीपलीकडे ते चालत नाही हे मला माहीत होतं, तुझ्या व्हिसावर ते हातात घेता येत नाही हेही माहीत होतं, आणि तरी मी तुला घेऊन ये म्हणालो. पुढे मला माझी मुलाखत वाचवायची होती, म्हणून तुझं घर जाऊ दिलं. माईंचा काही दोष नव्हता. त्यांना हे मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तुझी, शुभदाची, ईशाची आणि माईंची मी माफी मागतो.”